गेमिंग की घरगुती?

पडदा तिरका मोजायची रीत टीव्हीच्या बाल्यावस्थेतली आहे. तेव्हा चित्रनळीचं तोंड गोल असायचं, म्हणून तिचा व्यास सांगत. पुढे पडदे चौकोनी झाले आणि व्यासाची गादी कर्णाकडे आली. १९५६ च्या कायद्यानं आपण मेट्रिक मापं स्वीकारली, शेर-पायली गेली, मैल गेले. इंच मात्र पँटच्या कमरेत, नळाच्या पाइपात आणि पडद्याच्या कर्णात ठाण मांडून बसला. काटकोन त्रिकोणाचं प्रमेय पुढे आयुष्यात कुठे उपयोगी पडणार, असा प्रश्न शाळेत प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर मॉनिटर घ्यायला गेल्यावर मिळतं.

कर्ण मोठा लबाड असतो. २९ इंची मॉनिटर २३ इंचीपेक्षा मोठा असणार, असं कोणीही धरून चालेल. पण ते २९ इंच लांबोडक्या, म्हणजे २१:९ प्रमाणाच्या पडद्याचे असतील, तर उंचीला तो नेहमीच्या २३ इंचीएवढाच भरतो. वाढलेलं सगळं आडवं. सिनेमा त्यात झकास बसतो, पण पानभर मजकूर वाचणाऱ्याला त्या रुंदीचा काही उपयोग नाही. आणि मी दिवसभर पानभर मजकूरच वाचते. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. पूर्वी प्रुफं कागदावर यायची, शिपाई आणून द्यायचा, मी लाल शाईनं समासात खुणा करायचे. आता पीडीएफ येते आणि शिपायाला चहा करायचं कारण उरलेलं नाही.

ही पीडीएफ मी इतकी वर्षं १८.५ इंची पडद्यावर वाचत आले. १३६६ × ७६८. एक काळ असा होता की एमएस-सीआयटीचा वर्ग असो, सायबर कॅफे असो की सोसायटीचं ऑफिस, जिकडेतिकडे हेच माप. या विचित्र १३६६ चा उलगडा माझ्या नवऱ्यानं केला. तो बँकेत आहे आणि आकडा जुळला नाही की त्याला झोप लागत नाही. ७६८ ला १६ नं गुणून ९ नं भागलं तर १३६५ पूर्णांक एक तृतीयांश येतात. पिक्सेलचे तीन तुकडे करता येत नाहीत, म्हणून कारखानदारांनी हिशेब वरच्या अंकाला नेऊन मिटवला. बँकेत असं केलं असतं तर चौकशी लागली असती, असं त्याचं मत आहे.

तर या पडद्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार होती भाच्याची. तो इंजिनिअरिंगला आहे, कॉलेज आमच्या डोंबिवलीहून जवळ पडतं म्हणून आमच्याकडे राहतो. त्यानं स्वतःच्या हातानं एक कॉम्प्युटर जोडला, त्यात बेताच्या किमतीचं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि शेवटी तो माझ्या मॉनिटरच्या निळ्या, पंधरा टाचण्यांच्या, दोन स्क्रूवाल्या केबलसमोर येऊन थबकला. ही व्हीजीए जोडणी १९८७ साली आयबीएमनं आणली. भाच्याच्या कार्डाला तसलं भोकच नव्हतं. "मावशी, हे म्युझियमला दे," असं तो म्हणाला आणि तिथून आमच्या घरात मॉनिटरचा विषय निघाला तो निघालाच.

मुंबई परिसरात असला विषय निघाला की माणूस लॅमिंग्टन रोडला जातो. पालिकेच्या पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे. पण त्या नावानं पत्ता विचारला तर टॅक्सीवाला दोनदा तोंडाकडे बघतो. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि मग दोन्ही बाजूंना केबली, कीबोर्ड, पंखे, खोकी. हल्ली हे सगळं घरबसल्या मागवता येतं आणि पुष्कळदा स्वस्तही पडतं. पण पडदा ही बघायची वस्तू आहे, ती न बघता घ्यायची कशी, हा माझा मुद्दा. तिथे गेल्यावर कळलं की दुकानातही ती बघून घेत नाहीत. निम्मे मॉनिटर खोक्यातच असतात आणि जे लावलेले असतात त्यांवर एकच पोपट उडत असतो. पोपट सगळ्याच पडद्यांवर सुंदर दिसतो.

दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, गेमिंगसाठी पाहिजे की घरगुती?"

गॅसच्या सिलिंडरसारखी मॉनिटरचीही अशी वर्गवारी असते, हे मला नवीन होतं. गेमिंग काय घराबाहेर चालतं? आमच्याकडे ते हॉलमध्ये, टीपॉयपासून दोन हातांवर चालतं. मी म्हणाले, "एकच हवाय. दिवसा घरगुती, रात्री गेमिंग." दुकानदारानं भाच्याकडे बघितलं. असं गिऱ्हाईक त्यानं आधीही पाहिलेलं असावं, कारण त्यानं लगेच त्या दोघांमधलं रॅक दाखवलं.

मी पिशवीतून ए-फोरचे दोन कोरे कागद काढले. हे मी घरून ठरवूनच नेले होते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच. माझा जुना पडदा उंचीला जेमतेम २३, त्यामुळे खऱ्या मापाचं पान त्यात कधी मावलंच नाही; तळटीप वाचताना वरचं शीर्षक छपराबाहेर गेलेलं असायचं. २४ इंची पडद्याची उंची भरते २९.९ सेंटिमीटर. कागद त्याच्यावर ठेवला तर वर-खाली मिळून दोन मिलिमीटर उरतात, म्हणजे पान बसतं पण हत्यारांच्या पट्टीला जागा नाही. २७ इंचीची उंची साडेतेहेतीसच्या वर आणि रुंदी जवळजवळ साठ. दोन पानं शेजारी शेजारी, खऱ्या मापात, आणि वरती दोन बोटं पट्टीसाठी. डावीकडे मूळ संहिता, उजवीकडे प्रूफ. लावलेल्या मॉनिटरवर कागद धरून मी मागे सरून बघत होते तेव्हा पोपट दोन कागदांच्या मधून उडत होता आणि दुकानातली पोरं काम थांबवून माझ्याकडे बघत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. इंच, हर्ट्झ, उजेडाचे निट यांच्या गदारोळात हे एकच माप मला हातात धरता येत होतं.

गंमत अशी, की भाच्याला छोटा हवा होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे 'काउंटर-स्ट्राइक'चे व्यावसायिक खेळाडू चोवीस-साडेचोवीस इंचांवरच खेळतात. पडदा एका नजरेत मावला पाहिजे, कोपऱ्यात शत्रू डोकावला तर मान वळवायला लागता कामा नये. म्हणजे मुलगा लहान पडदा मागतोय आणि मावशी मोठा. जाहिरातवाल्यांनी ही शक्यता गृहीत धरलेली नाही. पैसे मावशी देणार होती, त्यामुळे हा मुद्दा फार ताणला गेला नाही.

त्याचा खरा जीव होता हर्ट्झवर. साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, गेमिंगचा १४४, १६५, १८०, २४० आणि पुढे कुठवर कोण जाणे. "साठवर खेळणं म्हणजे काय माहितेय मावशी? समोरचा मला मारून निघून गेला की मग मला तो दिसतो." नवऱ्यानं त्या रात्री पाकिटाच्या पाठीमागे हिशेब मांडला. साठला दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ ला ६.९. म्हणजे पावणेदहा वाचले. तिथून २४० ला गेलं तर वाचतात फक्त पावणेतीन. तिथून ३६० ला गेलं तर दीडच्याही आत. किंमत मात्र दर पायरीला हजारांनी उडी मारते. "पहिली पायरी चढायची आणि तिथेच बसायचं," असा त्यानं निकाल दिला. मला यात आणखी एक शंका होती. डोळ्याचं पातं लवायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतोच. म्हणजे १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर दर पापणीमागे सोळा-सतरा चित्रं फुकट जाणार. भाचा म्हणाला, मॅच चालू असताना तो पापणी लववत नाही. त्याचे डोळे बघता हे खरं असावं.

शिवाय खेळा-खेळांत फरक. गोळीबाराचे खेळ साध्या कार्डावरही सेकंदाला दीड-दोनशे चित्रं सहज फेकतात, कारण त्यांत भिंती, खोकी आणि माणसं याखेरीज फारसं काही नसतं. आणि ज्या खेळांत डोंगर, धुकं, गवताची पाती, पडके किल्ले असं देखणं काही असतं, ते पन्नास-साठवरच धापा टाकतात. २०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग'ला तर कर्त्यांनीच कॉम्प्युटरवर साठचं कुलूप घातलेलं आहे. मॉनिटर कितीही घ्या, तो साठच्या पुढे पाऊल टाकत नाही. म्हणजे भाच्यालाही दोन मॉनिटर हवे होते, एक जिंकायला आणि एक हरवून जायला. तो हे कबूल करत नव्हता एवढंच. कार्ड आणि पडदा यांची पावलं जुळली नाहीत की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं, वरचा भाग मगाचा आणि खालचा आत्ताचा. त्यावर एनव्हिडियानं २०१३ मध्ये जी-सिंक काढलं आणि पाठोपाठ एएमडीनं फ्रीसिंक. यात पडदाच कार्डाच्या चालीनं चालतो. अवघ्या मॉनिटरशास्त्रात मला मनापासून पटलेली ही एकच गोष्ट. दमलेल्या माणसाबरोबर चालताना आपण चाल कमी करतो, तेवढा पोच यंत्राला आला.

खोक्यांवर '१ मिलिसेकंद' असंही ठळक छापलेलं असतं. तो पिक्सेलला एका करड्या छटेतून दुसऱ्या करड्या छटेत जायला लागणारा वेळ, तोही त्याला मागून ढोसून सर्वांत जोरात पळवलं तर. तसं पळवलं की हलत्या वस्तूंभोवती भुतासारखी कड दिसते, म्हणून पुढे कोणी ते वापरत नाही. 'एचडीआर ४००' या स्टिकरचीही तीच गत: ती त्या मानांकनाची सगळ्यात खालची पायरी आहे, पण स्टिकर पायरी सांगत नाही, फक्त चमकतो.

मग पॅनल. टीएन, व्हीए, आयपीएस. ही तिन्ही द्रवस्फटिकाची घराणी, आणि त्यांचा मूळपुरुष थेट गाजरापर्यंत पोचतो. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवत होता. १४५.५ अंश सेल्सियसला ते वितळलं, पण गढूळ. तापवत नेलं तर १७८.५ ला ते एकदम स्वच्छ झालं. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, या कोड्यातून घन आणि द्रव यांच्या मधली ही अवस्था सापडली. गाजरं खा, डोळ्यांना चांगली, असं आमची आई सांगायची. तिला याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

या पडद्यांचा उजेड पाठीमागे सतत जळत असतो आणि द्रवस्फटिक त्याला हवं तिथे अडवतात. त्यामुळे काळा रंग म्हणजे नीट न अडवलेला उजेड. व्हीए पॅनल तो बऱ्यापैकी अडवतं, काळोख गडद दिसतो, पण काळोखात काही हललं तर मागे काजळाचा फराटा राहतो. टीएन चपळ आणि स्वस्त. मात्र अगदी नाकासमोर बसलं तरच रंग खरे. आमच्या घरी मॉनिटरसमोर मी बसते, दिवाणावरून सासूबाई बघतात आणि स्वयंपाकघराच्या दारातून नवरा. टीएन घेतलं असतं तर एकच सिनेमा तिघांनी तीन रंगांत पाहिला असता. आयपीएस हे हिताचीनं १९९६ साली बाजारात आणलं ते बाजूनं बघणाऱ्यांची सोय म्हणूनच. पण टीएनच्या या दोषावर जी एक पातळ फिल्म चढवू लागले, तिच्यात चकतीच्या आकाराचे रेणू असतात, आणि त्या रेणूंचे द्रवस्फटिक होतात हे १९७७ साली दाखवून दिलं बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. चंद्रशेखर एमएस्सी झाले ते नागपूर विद्यापीठातून. सी. व्ही. रामन यांचे ते सख्खे भाचे. हे मी आमच्या भाच्याला मुद्दाम सांगितलं. त्यानं "ओके" म्हटलं.

ओलेड हा एक मोह होता, तो कबूल करायला हवा. तिथे पाठीमागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः पाडतो आणि काळा म्हणजे विझलेला, खरोखरचा काळा. दुकानात तो चालू होता आणि त्याच्यावरचा पोपट रात्रीच्या आभाळातून उडत होता. किंमत ऐकल्यावर आम्ही दोघं थोडा वेळ पोपटाकडेच बघत राहिलो. पण अडचण नुसत्या किमतीची नव्हती. ओलेडवर एकच चित्र तासन् तास ठेवलं तर त्याचा डाग उमटू शकतो, आणि माझ्या पडद्यावर वरची पट्टी आणि खालची पट्टी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. दुसरं कारण मी आजवर कुठल्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेलं नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगते. काही ओलेड पॅनलांत लाल, हिरवा, निळा हे तीन ठिपके ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. त्यामुळे आडव्या रेघेला एका अंगानं हिरवट आणि दुसऱ्या अंगानं गुलाबी झाक येते. इंग्रजी वाचणाऱ्याला ती टी आणि ई सारख्या अक्षरांत कधीमधी दिसेल. देवनागरीला डोक्यावर अख्खी शिरोरेषा आहे! प्रत्येक शब्दाला हिरवं-गुलाबी तोरण. बाकदार मॉनिटरही मी शिरोरेषेपायीच नाकारला. दीड मीटर त्रिज्येचा तो बाक खेळणाऱ्याला वेढून घेतो म्हणतात. मला त्यात ओळीच्या ओळी झोपाळ्याच्या दोरीगत लोंबताना दिसल्या.

देवनागरी आणि पडदा हे प्रकरण एकूणच दुर्लक्षित आहे. आकाराला किती पिक्सेल पुरे, याचे सगळे सल्ले रोमन लिपीवर बेतलेले. १२ पॉइंटच्या टायपाला विंडोज उभ्यानं १६ पिक्सेल देते. एवढ्या जागेत इंग्रजी अक्षर पाय पसरून झोपतं. आपल्याकडे त्याच सोळा मजल्यांत शिरोरेषा, वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्याच्या कुशीत अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर अशी गर्दी. 'मूर्तींना' हा शब्द घ्या. त्याच्या माथ्यावर नेमकं काय काय बसलंय, हे माझ्या जुन्या पडद्यावर मी डोळ्यांनी बघत नसे, व्याकरणानं ताडत असे. ध आणि घ, भ आणि म, ष्ट आणि ष्ठ यांच्यातला फरक म्हणजे एक-दोन पिक्सेल. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा टाइप घडवला तेव्हाचे पडदे तर याहून जाडेभरडे होते; त्यातही अक्षरं ओळखू यायची, याचं मला आता जास्त कौतुक वाटतं.

जुन्या पडद्यावर इंचाला ८५ पिक्सेल. २७ इंचात १९२० × १०८० घेतलं तर ८२, म्हणजे पैसे खर्चून अक्षर आणखी फुटणार. ते लांबून टीव्ही म्हणून बघायला ठीक, दुरून डोंगर साजरे. २५६० × १४४० घेतलं तर इंचाला १०९. आणि फोर-के घेतलं तर १६३, म्हणजे जवळजवळ छापील पान. माझा हात फोर-केकडे गेला होता. पण भाच्यानं कॅल्क्युलेटर पुढे केला: फोर-केमध्ये ८३ लाख पिक्सेल, १४४० मध्ये ३७ लाखांच्या आत. दर सेकंदाला दीडशे वेळा ८३ लाख ठिपके रंगवणं त्याच्या कार्डाच्या आवाक्याबाहेरचं. मग कार्ड बदला, कार्डासाठी पॉवर सप्लाय बदला, तापतं म्हणून कॅबिनेट बदला. नाकापेक्षा मोती जड. शेवटी १४४० वर तह झाला. मी ५४ पिक्सेल सोडले, त्यानं तीन इंच सोसले. २७ इंच, आयपीएस, १६५ हर्ट्झ. दुकानदारानं पहिल्या पाच मिनिटांत दाखवला होता तोच.

खोकं उघडल्यावर भाच्यानं पडदा एकदा पांढरा, एकदा काळा, मग लाल-हिरवा-निळा करून मेलेले पिक्सेल शोधले. हे काम त्यानं मला देऊ केलं, माझी नजर तयार आहे म्हणून. यालाही आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाखांमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले पिक्सेल चालतात. म्हणजे आमच्या पडद्यावर सात पेटलेले आणि सात विझलेले निघाले असते तरी कंपनी हात वर करू शकली असती. पुस्तकांना असं मानक असतं तर माझं आयुष्य किती सुखाचं झालं असतं. दर दहा लाख अक्षरांमागे दोन ऱ्हस्व आणि दोन दीर्घ, नियमात बसून चुकलेले. आमच्या पडद्यावर एकही सापडला नाही. मला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

निघताना दुकानातल्या पोरानं बजावलं होतं, "घरी गेल्यावर सेटिंगमध्ये हर्ट्झ वाढवा हां. लोक १४४ चा पीस नेतात आणि जन्मभर साठवर चालवतात, त्यांना पत्ताच नसतो." मला त्या लोकांबद्दल विचारावंसं वाटलं होतं. पैसे भरले, समाधान मिळालं, खेळ जिंकले-हरले, कुणाचं काही अडलं नाही. मॉनिटर जोडल्यावर तो साठवरच उघडला आणि मलाही तो छानच वाटला. भाच्यानं १६५ केलं. मी पीडीएफ सरकवली. मजकूर सरकताना वाचता येत होता. आजवर मी पान सरकवायचे, थांबायचे, मग वाचायचे. मधल्या काळात अक्षरांची धूळ उडते, हे निसर्गाचं देणं आहे असंच मी धरून चालले होते. गोळ्या झाडणाऱ्यांसाठी केलेल्या सोयीचा सर्वांत जास्त लाभ प्रूफ वाचणाऱ्या बाईला व्हावा, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. नवऱ्यानं त्यातही आपली भर घातलीच: सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, १४४ ला २४ नं बरोबर भाग जातो, १६५ ला जात नाही, म्हणून रविवारी संध्याकाळी सिनेमा लावताना तो १४४ करून घेतो. फरक दिसतो का, असं विचारलं तर म्हणतो, दिसत नाही, पण बाकी शून्य येते.

सगळ्यात वाईट झालं ते दुसऱ्या दिवशी. जुन्या मॉनिटरवर एक फाइल बघायची होती म्हणून तो लावला आणि तो मला बघवेना. अक्षरं फुटलेली, पान धक्के खात सरकतंय, कडेनं काळपट. कालपर्यंत याच पडद्यावर मी ऱ्हस्व-दीर्घ पकडत होते आणि एकदाही वैतागले नव्हते. डोळा चटावायला एक रात्र लागली. लॅमिंग्टन रोडला खरं तर हेच विकतात, असं माझं मत झालं आहे. मॉनिटर नंतर मिळतो, आधी जुना खराब करून देतात.

हे सासूबाईंनी ऐकलं आणि त्या हसल्या. त्यांना हा अनुभव आधी आलेला. मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात त्यांच्याही पुढे असाच तक्ता ठेवला होता: इथलं भिंग, बाहेरचं भिंग, एका अंतराचं, अनेक अंतरांचं, आणि शेजारी चढत जाणाऱ्या किमती. "आजी, वाचन जास्त असतं की लांबचं बघणं?" असं त्या बाईंनी विचारलं होतं. सासूबाईंनी साधं, लांबचं भिंग घेतलं आणि पोथीसाठी चष्मा ठेवला. पट्टी निघाल्यावर घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या भिंती एवढ्या मळक्या कधी झाल्या गं?" वयानं पिवळं पडलेलं भिंग निघालं की पांढरं पांढरं दिसायला लागतं आणि निळ्याला भलताच उठाव येतो. त्या दिवाळीला आम्हाला घराला रंग काढावा लागला होता. त्या मानानं मॉनिटर स्वस्तात पडला, असं नवरा म्हणाला.

मग त्यांनाही नव्या पडद्यावर काहीतरी दाखवायला हवं, म्हणून भाच्यानं पंढरपूरचं थेट दर्शन लावलं. सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "छान आहे रे. पण विठोबा निळा का दिसतोय?"

भाच्यानं मॉनिटरच्या पाठीमागची कळ दाबून मेनू उघडला. कारखान्यातून येतानाच रंग भडक करून पाठवतात, दुकानातल्या पोपटासाठी. त्यानं भडकपणा उतरवला, निळा कमी केला, उजेड पाऊण केला. दर वेळी विचारत होता, आता? आता? शेवटी म्हणाला, "आजी, याच्यापेक्षा काळा नाही होत. आयपीएस आहे ना. खरा काळा पाहिजे असेल तर ओलेड घ्यावा लागेल."

"काळा कशाला हवाय?" त्या म्हणाल्या. "सावळा आहे तो. राहू दे असाच."

ते सेटिंग भाच्यानं साठवून ठेवलं. मेनूत त्याचं नाव 'यूझर २' आहे. रात्री मॅचला बसताना तो स्वतःचं लावतो, आणि कॉम्प्युटर बंद करायच्या आधी न विसरता 'यूझर २'वर आणून ठेवतो, कारण सकाळी साडेपाचला पडद्यासमोर पहिल्यांदा सासूबाई बसतात.